काटेमण्याची एकतीस झाडं

एका राज्यात राजवाड्याला तट नव्हता, कुंपण होतं. काटेमण्याचं कुंपण. काटेमणी हे थंड डोंगरावरचं झाड. पान जाड, तकतकीत, कडेला सुईसारखे काटे. बारा महिने हिरवं. आणि हिवाळ्यात सगळं रान उघडं पडलं की याच्या अंगावर लाल मणी, गुंजेहून थोडे मोठे, घोसाघोसांनी. शत्रूचं घोडं त्या कुंपणाला छाती लावत नसे. अशी शंभर झाडं राजवाड्याभोवती गोल उभी होती.

राज्य वीरकेतू राजाचं. राणी वारली होती. मुलगी एकच, कनकवती, चौदा वर्षांची. राजा वाईट नव्हता. फक्त कुठल्याही गोष्टीचा उपयोग त्याला डोळ्यांनी दिसावा लागे.

एका मार्गशीर्षात राजा कुंपणाभोवती हिंडला. मागे त्र्यंबक, राजबागेचा मुख्य माळी.

"या झाडाला मणी नाहीत," राजा म्हणाला.

"नाहीत, महाराज."

"गेल्या वर्षी?"

"गेल्या वर्षीही नव्हते."

"दोरा बांधा."

अशी एकतीस झाडांना दोरे बांधले गेले. फाल्गुनात कुऱ्हाडी आल्या. तोवर पाखरांनी मणी खाऊन संपवले होते, पण दोरे जागेवर होते, आणि कुऱ्हाडीला तेवढं पुरतं.

बागेत ठकूबाई नावाची माळीण होती. खड्डे खणायची, रोपं लावायची. नवरा मेलेला, मूल झालेलं नाही, आणि जीभ अशी की त्र्यंबक तिच्या वाऱ्याला उभा राहत नसे. तिने कुदळ टाकली आणि राजासमोर येऊन उभी राहिली.

"महाराज, ही झाडं नर आहेत. नराला मणी धरत नाहीत. पण नर नसला तर मादीलाही धरणार नाहीत. पपईचं बघा, ताडाचं बघा. त्र्यंबकभाऊंना विचारा, त्यांना ठाऊक आहे."

त्र्यंबकाला ठाऊक होतं. त्याने आपल्या पायांकडे पाहिलं.

राजा हसला. "वांझ बाई वांझ झाडांचा कैवार घेते आहे. हिला बाहेर काढा. पुन्हा बागेत पाऊल नको."

"नाही ठेवणार," ठकूबाई म्हणाली. "बोलावलंत तरी नाही." आणि कुदळ तिथेच टाकून ती गेली. कुदळ तिची स्वतःची होती, हे विशेष.

तीस झाडं पडली. एकतिसाव्याखाली धूम्रनाथ नावाचा मांत्रिक बारा वर्षं डोळे मिटून बसला होता. कुऱ्हाडीचा पहिला घाव बसला तसे त्याने डोळे उघडले. दुसऱ्या घावाला तो उठला. तिसऱ्याला झाड पडलं.

"राजा, हे का तोडलंस?"

"ते फळत नव्हतं."

"जे फळत नाही ते तुला नको. मग ऐक. तुझी मुलगी आजपासून पाखरू होईल. तुझ्या कुंपणावरचं पिकलेलं फळ, फांदीवरून, आपण होऊन चोचीत घेईल त्या दिवशी ती पुन्हा माणूस होईल. मुदत तीन हिवाळ्यांची. दर हिवाळ्याला माणसाच्या भाषेचा तिसरा हिस्सा गळून जाईल. तिसऱ्या माघाच्या शेवटच्या दिवशी सूर्य बुडाला की ती कायमची पाखरू."

सज्जात कनकवती फुलांची वेणी माळत उभी होती. वेणी खाली पडली. जागेवर एक बुलबुल बसलं होतं, शेपटीखाली लाल.

राजाने मात्र मान ताठ ठेवली. "माझ्याकडे एकोणसत्तर फळती झाडं आहेत," तो म्हणाला. "एका फळासाठी मला तीन हिवाळे कशाला हवेत?"

"बघ," म्हणून धूम्रनाथ डोंगराकडे निघून गेला.

वैशाखात कुंपण फुललं. बारीक पांढरी फुलं, मंद वास. राजा खूश झाला. ज्येष्ठात फुलं गळाली. हिवाळा आला, पानं तकतकली, आणि एकोणसत्तर झाडांवर मिळून एकही मणी नव्हता. कनकवती वस्तूंची नावं विसरली. आरसा, पाणी, खिडकी, गेलं सगळं.

राजाने त्र्यंबकाला विचारलं. खरं कारण सांगायचं तर राजाची चूक सांगावी लागली असती. त्र्यंबक म्हणाला, "पाणी कमी पडलं, महाराज." मग झाडांच्या बुंध्यांत पाट सोडले, वर दूध ओतलं. काटेमण्याला पाय ओले राहिलेले खपत नाहीत. पानं पिवळी पडून गळू लागली. तेव्हा त्र्यंबक म्हणाला, "छाटणी हवी." चैत्रात सगळं कुंपण ताटासारखं सपाट छाटलं. या झाडाची कळी मागल्या वर्षीच्या फांदीवर येते. ती फांदीच छाटली, मग फूल कुठून येणार? दुसऱ्या हिवाळ्यात कुंपण नुसतंच हिरवं उभं राहिलं. पुढच्या चैत्रात त्र्यंबकाच्या कात्र्या पुन्हा फिरल्या, कारण दुसरं काही त्याला सुचत नव्हतं.

कनकवती माणसांची नावं विसरली. बापाचंही. तिच्याकडे तीनच शब्द उरले: ये, बघ, दे.

राजाने शापाची हकीकत सांगून दवंडी पिटवली, कुंपणाला मणी धरवील त्याला मागेल ते देऊ. ठकूबाई खाली गावात राहत होती, तिने ती ऐकली आणि दार लावून घेतलं. अपमान झालेल्या माणसाला दार लावायचा हक्क असतो.

पण चैत्राच्या अखेरीस एका सकाळी ते बुलबुल तिच्या ओट्यावर येऊन बसलं. चोचीत काटेमण्याची डहाळी होती. डहाळी खाली टाकून पाखरू म्हणालं, "ये. बघ. दे."

"काय देऊ?" ठकूबाई म्हणाली. "बापाने तुझ्या मला काय दिलं? जा."

पाखरू गेलं नाही. मान तिरकी करून तिच्याकडे बघत राहिलं. मग डहाळी पुन्हा चोचीत उचलून आणखी जवळ आणून ठेवली.

ठकूबाईने डहाळी उचलली. तिच्यावर कळ्या होत्या, मिटलेल्या. नखाने एक उकलली. मधोमध हिरवा मणी, मोहरीएवढा. मादी. म्हणजे कुठेतरी एक झाड कात्रीतून सुटलं होतं.

"कुठलं ग हे? हत्तीखान्यामागचं?"

"बघ," पाखरू म्हणालं.

हत्तीखान्यामागे शेणाचा आणि पाचोळ्याचा ढीग होता, त्यात उतरायला त्र्यंबकाची माणसं नाक मुरडत. ठकूबाईने डहाळी ओल्या फडक्यात गुंडाळली, भाकरी बांधून घेतली आणि डोंगराची वाट धरली. राजाला काही कळवलं नाही. ती राजासाठी निघाली नव्हती.

तीन दिवस चढल्यावर धूम्रनाथाचं बन लागलं. वाटेवरच्या झाडाच्या ढोलीत धनेशाची मादी अंड्यांवर बसली होती. ढोलीचं तोंड चिखलाने लिंपलेलं, एक फट तेवढी उघडी. नर बाहेर बसून फटीतून तिला उंबरं भरवत होता. त्या डोंगरावरचे धनेश बोलतात.

"बाई, कुठे?" धनेशाने विचारलं.

"धूम्रनाथाकडे. नर काटेमणी मागायला."

"तो तीन प्रश्न घालतो. चुकलीस तर इथेच झाड होऊन राहशील. ही सगळी उभी आहेत ना, यांतली निम्मी शहाणी माणसं होती."

"शहाणी होती म्हणूनच चुकली असतील," ठकूबाई म्हणाली. "मी खड्डे खणणारी आहे. तू भरव तिला, तिचा खोळंबा होतोय."

धूम्रनाथ शिळेवर बसला होता. त्याने ठकूबाईला नाव विचारलं नाही.

"माळिणी, समोर तीन झाडं आहेत. तिन्हींवरही फुलं आहेत, फळ एकावरही नाही. नर कोणतं?"

पहिलं झाड आडदांड, बुंध्यापासून माथ्यापर्यंत नुसते काटे. दुसऱ्याची वरची पानं गुळगुळीत. तिसरं नाजूक, प्रत्येक पानाला सोनेरी काठ, नववधूसारखं नटलेलं. ठकूबाईने काटे पाहिले नाहीत, सोनं पाहिलं नाही. एकेका झाडाचं फूल तोडून तळहातावर घेतलं. पहिल्याच्या पोटात हिरवा मणी. दुसऱ्याच्याही. तिसऱ्याच्या पोटात मणी नव्हता. चार पिवळ्या काड्या होत्या, आणि बोट लावताच बोटाला पराग लागला.

"हा नटवा नर आहे," ती म्हणाली. "काट्यावरून काही ठरत नाही. काटा गुरांच्या तोंडापासून वाचायला असतो. बाईमाणसालाही लागतो तो."

धूम्रनाथाच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. त्याने दुसरीकडे बोट केलं. "तिथे तीन नर आहेत. तुझ्या कामाचा कोणता?"

एक नर पांढराशुभ्र फुललेला, मधमाश्यांनी गजबजलेला. दुसऱ्याची फुलं निम्मी उमललेली. तिसरा नुसता कळ्यांनी भरलेला, दिसायला अगदीच गरीब. ठकूबाईने फडकं सोडलं, डहाळी काढली, कळीला कळी लावून पाहिली.

"कळ्यांवाला," ती म्हणाली. "मला उतरायला तीन दिवस. तिकडची मादी त्या सुमाराला उमलेल, हाही उमलेल. हा फुललेला घेतला तर लग्नघटकेला नवरदेव म्हातारा झालेला असायचा."

"बरोबर. आता शेवटचं. मी मंत्र म्हणतो. हे झाड मुळांसकट उठेल आणि तुझ्यामागून चालत राजवाड्यापर्यंत येईल. जन्माचं काम होईल. नेतेस?"

आख्खं झाड मागून चालत येताना गावाने पाहिलं असतं. त्र्यंबकाने पाहिलं असतं. राजाने सज्जातून पाहिलं असतं. तिने ते चित्र डोळ्यांपुढे नीट येऊ दिलं, आणि मग पुसून टाकलं.

"नको. काटेमणी एकदा रुजला की जागा सोडत नाही. फुलावर असताना हलवला तर रुसतो, कळ्या गाळून मोकळा होतो. मला तीन फांद्या द्या आणि एक घागर पाणी. फांद्या मी निवडीन. एकीवर एक घासतात त्या घेईन, झाडालाही हलकं वाटेल."

धूम्रनाथ शिळेवरून उतरला. घागर त्याने स्वतः भरून दिली.

"राजाने झाडच मागितलं असतं," तो म्हणाला.

"शाप मागे घ्या ना तुम्ही. एवढं सगळं कशाला?"

"तोडलेलं झाड जसं परत उभं राहत नाही, तसा दिलेला शाप. फळालाच काय ते करू दे."

"मग द्यायच्या आधी विचार करायचा. त्याच्या कुऱ्हाडीत आणि तुमच्या जिभेत मला तरी फरक दिसत नाही. पोरीने काय केलं होतं?"

धूम्रनाथाने तिने निवडलेल्या तीन फांद्या कापून घागरीत ठेवल्या. ठकूबाईने घागर डोक्यावर घेतली आणि ती उतरू लागली.

चौथ्या दिवशी ती राजवाड्याच्या दाराशी आली. पहारेकऱ्याने भाला आडवा केला. "हिला बागेत मनाई आहे."

राजा खाली आला. दोन वर्षांत त्याची दाढी पांढरी झाली होती. त्याने घागर पाहिली, फांद्या पाहिल्या, आणि फांद्यांवर येऊन बसलेलं बुलबुल पाहिलं.

"बाई, आत या."

"मी शब्द दिलाय, बोलावलंत तरी येणार नाही म्हणून."

"मग काय करू?"

"मला बोलावू नका. हिने बोलावलंय. तुम्ही फक्त बाजूला व्हा."

"ये," पाखरू म्हणालं. राजा बाजूला झाला.

हत्तीखान्यामागचं झाड त्याच दिवशी उमललं होतं. ठकूबाईने घागर त्याच्या पोटाशी ठेवली. आता मधमाश्यांचं काम होतं. तेवढ्यात आभाळ भरलं आणि वळवाचा पाऊस सुरू झाला. पावसात मधमाशी पोळं सोडत नाही. एक दिवस गेला, दुसरा गेला. नराची फुलं घागरीच्या पाण्यात गळू लागली. उमललेलं फूल काही पावसाच्या उघडण्याची वाट बघत बसत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाखराने आपल्या पंखातलं एक पीस उपटलं आणि ठकूबाईच्या हातावर ठेवलं. रक्ताचा थेंब आला होता. "दे," ते म्हणालं.

ठकूबाईने इरलं पांघरलं. पिसाचं टोक नराच्या फुलावर फिरवायचं, मग मादीच्या. पुन्हा नराच्या, पुन्हा मादीच्या. इरल्याच्या आडोशाला एकेक फूल. घागर पावसापासून झाकून धरायला कोणीतरी हवं होतं. राजा खाली बसला, शेणात, आणि अंगावरचा शेला घागरीवर धरून राहिला.

"या फांद्या कुठल्या?" त्याने विचारलं.

"तुम्ही तोडलेत त्या नरांच्या भावाच्या."

राजाने शेला आणखी खाली ओढला. संध्याकाळपर्यंत तसाच धरून ठेवला.

ज्येष्ठात फुलं गळाली, आणि गळालेल्या फुलांच्या जागी हिरवे मणी दिसले. अठ्ठावीस. पावसाळ्याच्या वाऱ्याने काही गेले. दसऱ्याला सोळा उरले. थंडी पडली तसे ते पिवळे झाले, मग शेंदरी, मग लाल. राजाने झाडावर रेशमी जाळं टाकलं, चार पहारेकरी ठेवले आणि त्र्यंबकाच्या सगळ्या कात्र्या विहिरीत टाकून दिल्या.

पण तिसरा हिवाळा इकडेही आपलं काम करत होता. पौषात पाखरू 'बघ' विसरलं. माघाच्या आरंभी 'ये' विसरलं. मग एक दिवस ते सज्जावर आलं नाही. कुंपणाच्या पलीकडे बुलबुलांचा थवा उतरला होता, त्यात ते मिसळून गेलं. तीस-चाळीस पाखरं, सगळ्यांच्या शेपटीखाली लाल. बापालाही ओळखू येईना.

माघाचा शेवटचा दिवस उजाडला. राजाला धीर धरवला नाही. त्याने बारा मणी तोडून सोन्याच्या ताटात ठेवले आणि ताट पुढे धरून थव्याकडे चालत गेला. "कनका, ये. कनका, खा." थवा भुर्रकन उडाला. तोडलेली फळं वाया गेली. शापात फांदीवरून म्हटलं होतं. झाडावर चार मणी राहिले.

राजा ताट घेऊन ठकूबाईसमोर आला. "आता?"

"जाळं काढा. पहारेकऱ्यांना घालवा. तुम्हीही लांब जा."

"थवा येईल. सगळं खाऊन टाकेल."

"ती थव्यातच आहे."

"चारही दुसऱ्या पाखरांनी खाल्ले तर?"

"तर खाल्ले. पाखरू हातातलं घेत नाही, महाराज, आणि पहारा असलेल्या झाडावर बसत नाही. तुमचं प्रेम मोठं असेल, पण इथे ते आडवं येतंय."

राजाने पहारेकऱ्यांना पाठवून दिलं. जाळं स्वतः काढलं. काट्यांनी दोन्ही हात कोपरापर्यंत फाटले, त्याने वर पाहिलंही नाही. मग तो शंभर पावलं मागे गेला आणि पाठ करून उभा राहिला.

ऊन कलतं झालं. आधी एक बुलबुल आलं, इकडे तिकडे पाहून एक मणी गिळून गेलं. काही झालं नाही. ठकूबाई हत्तीखान्याच्या भिंतीआडून पाहत होती. मग सगळा थवा उतरला. दुसरा मणी दोन पाखरांच्या भांडणात खाली पडला. तिसरा एका धिटुकल्याने खाल्ला. काही झालं नाही. सूर्य डोंगराला टेकला. शेवटचा मणी फांदीच्या पार टोकाला होता. एक पाखरू, पंखातलं एक पीस कमी असलेलं, त्याच्याजवळ सरकलं. मान तिरकी केली. सूर्याची कड तेवढी उरली होती. त्याने चोच मारली.

थवा किंचाळून उडाला. झाडाची फांदी काडकन मोडली, आणि काट्यांमध्ये एक सतरा वर्षांची मुलगी अडकून बसली होती. केस विस्कटलेले, गालावर ओरखडे, तोंडात लाल मणी.

"कनका!" राजा धावत सुटला.

पण त्याच्याआधी ठकूबाई झाडाखाली पोचली होती. "गिळू नकोस! थुंक! थुंक आधी, पोरी, पाखराला पचतं ते माणसाला बाधतं! थुंक म्हणते ना!"

मुलीने मणी थुंकला. तोंड वाकडं केलं. तीन वर्षांत तिचा पहिला नवा शब्द आला.

"कडू."

राजा झाडाला मिठी मारायला निघाला, काटे लागले म्हणून थबकला, आणि तिथेच उभा राहून रडला. मग वळून ठकूबाईला म्हणाला, "बाई, काय हवं ते मागा. अर्धं राज्य मागा."

"शिडी," ठकूबाई म्हणाली. "आधी शिडी आणा."

शिडी आली. मुलगी उतरली. तिचे शब्द हळूहळू परत आले, वस्तूंचे आधी, माणसांचे नंतर. त्र्यंबकाला कुंपणाच्या निचऱ्याचे चर खणायला लावलं, आणि ते त्याने चांगले खणले, कारण काम त्याला येत होतं. बोलणंच तेवढं येत नव्हतं. मुळाशी पाचोळ्याचं खत पडलं. दर दहा माद्यांमागे एक नर लावला. डोंगरावरून आणलेली रोपं ती, वीतभर उंचीची, आणि काटेमणी सावकाश वाढतो, राजाच्या घाईला जुमानत नाही.

फळ न धरणारं झाड दिसलं की कुणीतरी राजाला विचारायचं, याचं काय करायचं? राजा म्हणायचा, वैशाखात फूल उघडून बघा, मग मला येऊन सांगा.

नव्या नरांना सातव्या वर्षी फुलं आली. त्या हिवाळ्यात कुंपण बुंध्यापासून माथ्यापर्यंत लाल झालं. पाखरं आली, खाऊन गेली, आणि राज्यात कुणाचं काही अडून राहिलं नाही. ज्याचं त्याला मिळालं, सांगणाऱ्याचं सांगून झालं, ऐकणाऱ्याने आता उठावं.